पोळीएवढा मदरबोर्ड आणि सेम डे एडिट

ताई, नमस्कार. मी कऱ्हाडचा, लग्नाचं शूटिंग करतो. आमच्याकडे आता सगळ्यांना सेम डे एडिट हवं असतं. सकाळी अक्षता पडल्या की संध्याकाळच्या रिसेप्शनला एलईडी वॉलवर पाच मिनिटांचा व्हिडिओ लागलाच पाहिजे. त्यासाठी मी घरचा मोठा कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून इको गाडीतून कार्यालयात नेतो. एकदा पायरीवर आपटला, तेव्हापासून बायको म्हणते, एक तर छोटा घ्या नाही तर धंदा बदला. लॅपटॉप वापरून पाहिला, पण मे महिन्यात कार्यालयाच्या खोलीत तो गुडघे टेकतो.

माझ्याकडे आठव्या पिढीचा आय-सेव्हन ८७०० प्रोसेसर, १६ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, दोन पंख्यांचं आरटीएक्स ३०६० ग्राफिक कार्ड आणि एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी आहे. नवा कॅमेरा एच.२६५, १० बिट, ४:२:२ मध्ये शूट करतो. ते फुटेज प्रीमिअर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं की अडखळत चालतं. नव्या मशीनसाठी पुण्यात दुकानदाराने तीन मदरबोर्ड सांगितले: मायक्रो एटीएक्स बी७६० अकरा हजार, मिनी आयटीएक्स एच६१० साडेनऊ हजार, मिनी आयटीएक्स बी७६० साडेअठरा हजार. वर म्हणाला, छोटा बोर्ड घेऊ नका, तापतो. मित्र म्हणतो, ऑनलाइन एक छोटा बोर्ड मिळतो, त्यावर लॅपटॉपचा आय-सेव्हन चिकटवलेलाच असतो, तो स्वस्तात पडेल. आई म्हणते, पितृपक्षात काहीच घेऊ नकोस. कोणाचं ऐकू?
– कॅमेरावाला, कऱ्हाड

दादा, आईचं ऐका. का ते शेवटी सांगते. बोर्डच्या बाबतीत म्हणाल तर साडेअठरा हजारांचा मिनी आयटीएक्स घ्या, बी७६० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डवरची सूत्रं हलवणारी चिप) आणि डीडीआर४ रॅम लागणारा. अकरा हजारांचा बोर्ड समोर असताना साडेअठरा हजार मोजायला हात धजावत नाही, मला कल्पना आहे. हेच पत्र घरी टेबलावर मशीन ठेवून एडिट करणाऱ्या कोणाचं असतं, तर मी डोळे झाकून मायक्रो एटीएक्स सांगितला असता आणि उरलेल्या साडेसात हजारांत मोठी एसएसडी घ्यायला लावली असती. छोटा बोर्ड दिसायला गोंडस असतो म्हणून घ्यायची वस्तू नव्हे. तुमचं मशीन दर मुहूर्ताला गाडीत चढतं आणि उतरतं, म्हणून ते वरचे पैसे तुमच्या बाबतीत वसूल होतात.

आधी आकाराचं बोलू. मिनी आयटीएक्स म्हणजे १७० बाय १७० मिलिमीटर, घरच्या पोळीएवढा चौकोन समजा. तैवानच्या व्हिया टेक्नॉलॉजीजने २००१ मध्ये हे माप काढलं, तेव्हा ते कमी वीज खाणाऱ्या गरीब प्रोसेसरांसाठी होतं. आज त्याच चौकोनावर लोक मोठमोठी मशीन उभी करतात. मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४ पर्यंत जातो आणि तुमच्या घरचा पूर्ण एटीएक्स ३०५ बाय २४४. मिनी आयटीएक्सची चार भोकं एटीएक्स कॅबिनेटच्या भोकांशी जुळतात, हे लक्षात ठेवा. त्याचा उपयोग पुढे येणार आहे. याहून लहान मिनी एसटीएक्स नावाचा प्रकारही आहे, १४७ बाय १४०, पण त्याला ग्राफिक कार्डचा स्लॉटच नसतो. तुमचं ३०६० कामात आहे, तेव्हा तो बाद.

मायक्रो एटीएक्सचंही छोटं कॅबिनेट मिळतं, असं दुकानदार म्हणेल आणि ते खोटं नाही. पण २४ सेंटिमीटरचा बोर्ड बसवायचा म्हणजे कॅबिनेटची एक बाजू तरी तेवढी लांब ठेवावी लागते. या छोट्या कॅबिनेटांचा आकार आमच्याकडे लिटरमध्ये बोलतात. तुमच्यासाठी माझ्या डोळ्यांसमोर कूलर मास्टरच्या एनआर२०० सारखं कॅबिनेट आहे, साधारण १८ लिटरचं. कार्यालयात पाण्याचे २० लिटरचे जार येतात ना, त्याहून किंचित कमी जागा. ते काखेत मारून माणूस जिना चढतो. याच्या जवळपास निम्म्या आकाराचीही कॅबिनेट आहेत, फ्रॅक्टलचं टेरा १०.४ लिटरचं आहे आणि दिसायला फार सुरेख आहे. पण त्यात ग्राफिक कार्ड बोर्डच्या पाठीमागे बसतं आणि दोघांना जोडायला रायझर केबल लागते. ती पट्टी म्हणजे आणखी एक जोड. माझ्याकडे ‘डिस्प्ले येत नाही’ म्हणून आलेल्या छोट्या मशीनांपैकी बऱ्याच वेळा दोष त्या पट्टीत निघाला. कधी पट्टी तिसऱ्या पिढीची आणि स्लॉट चौथ्या पिढीचा (ही पिढी जोडाच्या वेगाची, प्रोसेसरची नव्हे), मग बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगच्या पानावर जाऊन स्लॉटचा वेग हाताने कमी करायचा. हे घरी बसून करता येतं. नवरदेव घोड्यावर बसलेला असताना करता येत नाही. तुम्ही कार्ड थेट बोर्डमध्ये बसणारं कॅबिनेट घ्या.

आता तुमच्या खऱ्या दुखण्याकडे येते, कारण त्यावरच बोर्ड ठरतो. फुटेज अडखळतं यात ३०६० चा दोष आहे असं तुम्हाला वाटत असेल. एका अर्थी आहे. एच.२६५ म्हणजे दाबून लहान केलेलं फुटेज आणि ४:२:२ म्हणजे त्यात रंगाची माहिती जास्त. ते उलगडायची सोयच त्या कार्डात नाही. एनव्हिडियाने ती २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेपासून दिली. तुमच्या ८७०० च्या आत जे छोटं ग्राफिक असतं त्यालाही ती नाही. म्हणजे सगळं ओझं प्रोसेसरच्या कोअरवर पडतं आणि सहा कोअर धापा टाकतात. इंटेलने ही सोय आपल्या डेस्कटॉप प्रोसेसरांत ११ व्या पिढीपासून दिलेली आहे. म्हणून १२ व्या ते १४ व्या पिढीतला आय-फाइव्ह घेतलात, तर त्याच्या आतलं छोटं ग्राफिक फुटेज उलगडेल आणि ३०६० रंग आणि इफेक्ट सांभाळेल. मी तुमच्यासाठी १३५०० किंवा १४५०० धरलाय. १४ कोअर आहेत, आतलं ग्राफिक यूएचडी ७७० आहे. पैसे कमी पडले तर १२४०० सुद्धा चालेल, फक्त त्याचं यूएचडी ७३० या कामात ७७० पेक्षा थोडं हळू.

दुकानात एकच गोष्ट तीन वेळा विचारा: नावाच्या शेवटी एफ आहे का? १२४००एफ, १३४००एफ हे हजार-दीड हजाराने स्वस्त असतात आणि ‘तुमच्याकडे ग्राफिक कार्ड आहे ना, मग हाच घ्या’ असं सांगून हातात दिले जातात. एफ म्हणजे आतलं ग्राफिक बंद. तुमचा सगळा खटाटोपच त्या आतल्या ग्राफिकसाठी चाललाय.

हे सगळे प्रोसेसर एलजीए १७०० सॉकेटवर, म्हणजे बोर्डवरच्या त्या मापाच्या खाचेत बसतात आणि त्या सॉकेटचे बोर्ड दोन जातींचे निघाले, डीडीआर४ वाले आणि डीडीआर५ वाले. एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही, खाचच वेगळ्या ठिकाणी असते. नवीन म्हणजे डीडीआर५ चांगली, असं कोणी सांगेल. एरवी मीही सांगितलं असतं. पण २०२५ च्या शेवटाला एआयच्या डेटा सेंटरांनी रॅम उचलायला सुरुवात केली आणि भाव असे भडकले की तुमच्या घरातल्या त्या ३२ जीबी म्हणजे तिजोरीतल्या पाटल्या समजा. त्या मोडू नका. बोर्डच्या नावात डी४ किंवा डीडीआर४ असं लिहिलेलं असतं. गिगाबाइटचा बी७६०आय ऑरस प्रो आणि एमएसआयचा बी७६०आय एज, दोन्ही या जातीत निघालेत. पण त्याच नावाचे डीडीआर५ वालेही निघालेत, म्हणून खोक्यावरचं पूर्ण नाव वाचा. दुकानदाराच्या फळीवर दुसऱ्या कंपनीचा असला तरी हरकत नाही, मी खाली सांगते तेवढं त्यावर असलं म्हणजे झालं.

एक उणं आत्ताच सांगून टाकते. एलजीए १७०० ला पुढे वाट नाही. इंटेल २०२४ मध्ये एलजीए १८५१ वर गेली. म्हणजे पुढच्या वेळी बोर्ड, प्रोसेसर, रॅम तिन्ही बदलावं लागेल. दुसरं उणं, मिनी आयटीएक्सवर रॅमचे दोनच स्लॉट असतात आणि तुमच्या दोन रॅमनी ते भरले. उद्या ६४ जीबी हवी झाली तर या दोन विकून ३२ च्या दोन घ्याव्या लागतील. मायक्रो एटीएक्सवर चार स्लॉट मिळाले असते. पाच मिनिटांच्या व्हिडिओला ३२ पुरते, म्हणून मी त्यावर अडून बसत नाही.

मग साडेनऊ हजारांचा एच६१० का नको? छोटाच आहे, डीडीआर४ वालाही मिळतो. ऑफिसच्या कामाला मी तोच देते. पण एच६१० वर एम.२ स्लॉट, म्हणजे एनव्हीएमई एसएसडी बसते ती जागा, बहुतेक वेळा एकच असतो, आणि तोही तिसऱ्या पिढीच्या वेगाचा. तुम्हाला दोन हवेत, एक विंडोज आणि प्रीमिअरसाठी, दुसरा त्या दिवसाच्या फुटेजसाठी. शिवाय या स्वस्त बोर्डवर प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग, म्हणजे व्हीआरएम, उघडाबोडका असतो, वर ॲल्युमिनियमचा ठोकळाही नसतो. १३५०० हा कागदावर ६५ वॉटचा प्रोसेसर आहे, पण जोर लावला की १५४ वॉटपर्यंत खेचतो. एच६१० वर एक्स्पोर्ट लावलंत की तो भाग तव्यासारखा तापतो आणि बोर्ड स्वतःच प्रोसेसरला मागे ओढतो.

दुकानदार ‘छोटा बोर्ड तापतो’ म्हणाला, त्यात एवढं तथ्य आहे. पण बी७६० च्या बोर्डवर ठोकळे असतात आणि बाकीचं आपल्या हातात आहे. नवीन बोर्ड पहिल्यांदा चालू केला की बायोसमध्ये पॉवर लिमिट बघा. कितीतरी बोर्डवर तिथे ४०९६ वॉट असा आकडा दिसतो. तेवढ्यात कार्यालयाचे दोन एसी चालतील. त्याचा अर्थ एवढाच की बोर्डने मर्यादा उघडी सोडली आहे. पहिली मर्यादा (सततची) ६५ ते ९० आणि दुसरी (थोड्या वेळाच्या जोराची) १२० च्या आसपास ठेवा. एक्स्पोर्टला काही सेकंद जास्त लागतील, पंखे मात्र किंचाळणार नाहीत. बायोसमध्ये आहातच तर आतलं ग्राफिक चालू करा. ग्राफिक कार्ड बसवलं की बोर्ड ते आपणहून बंद करतो. सेटिंगचं नाव बोर्डगणिक बदलतं, ‘मल्टी मॉनिटर’ किंवा ‘मल्टी डिस्प्ले’ असं काहीतरी असतं. मग प्रीमिअरच्या मीडिया प्रेफरन्सेसमध्ये हार्डवेअर डिकोडिंगखाली इंटेलची खूण केली आहे ना ते पाहा. या दोन खुणा राहिल्या तर नवा प्रोसेसर घेऊनही फुटेज अडखळत राहील आणि तुम्ही मला शिव्या घालाल.

आता बोर्ड हातात घ्या आणि उलटा करा. दुकानात, काउंटरवरच. मिनी आयटीएक्सवर वरच्या बाजूला जागा उरत नाही, म्हणून दुसरा एम.२ स्लॉट पुष्कळदा पोटाखाली असतो. पहिल्यांदा असा बोर्ड बसवला तेव्हा मला हे माहीत होतं, आणि तरी विसरले. बोर्ड कॅबिनेटमध्ये आवळला, कूलर बसला, सगळ्या वायरी टायने बांधून झाल्या, इतक्या सुबक की मी फोटोही काढला. मग टेबलावर नजर गेली तर दुसरी एसएसडी तशीच पाकिटात. सगळं उलट क्रमाने सोडवलं, दीड तास गेला आणि थर्मल पेस्ट नव्याने लावावी लागली. तुम्ही पोटाखालची एसएसडी सगळ्यात आधी बसवा. आणि त्या स्लॉटवर सतत लिहिली जाणारी एसएसडी ठेवू नका, तिथे वारा पोहोचत नाही. विंडोज तिकडे, फुटेज वरच्या स्लॉटवर, ठोकळ्याखाली.

बोर्डची पाठ, म्हणजे जिथे पोर्ट असतात ती पट्टी, ही तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. मोठ्या बोर्डवर एखादा पोर्ट कमी पडला तर आपण कार्ड टाकतो. मिनी आयटीएक्सवर स्लॉट एकच आणि तो ३०६० ने घेतलेला. पाठीवर जे आलं नाही ते पुढे यूएसबी हब लटकवूनच मिळतं. कार्यालयात तुम्ही काय काय जोडता ते बोटांवर मोजा: दोन कॅमेऱ्यांची दोन कार्ड रीडर, ग्राहकाची बाहेरची एसएसडी, कीबोर्ड-माऊसचा डोंगल, हेडफोन, आणि कोणीतरी पेनड्राइव्ह घेऊन येतंच, ‘दादा, मेहंदीचे फोटो पण टाका’. म्हणजे वेगवान यूएसबी निदान चार हव्यात आणि त्यात एक टाइप-सी. एलईडी वॉलची एचडीएमआय ग्राफिक कार्डला लावा, बोर्डच्या एचडीएमआयला नाही. वाय-फाय बहुतेक बी७६० च्या छोट्या बोर्डवर असतंच, अँटेनाच्या दोन काड्या खोक्यात आहेत का ते पाहा. माझ्याकडे आलेल्या किती मशीनांच्या काड्या खोक्यासकट रद्दीत गेल्या होत्या!

कॅबिनेटच्या पुढच्या यूएसबीसाठी बोर्डवर जोड आहे का, हेही जुळवून घ्या. पुढे टाइप-सी असलेलं कॅबिनेट आणि तिचा जोड नसलेला बोर्ड, अशी जोडी पुष्कळ जण घरी आणतात. पंख्यांचे जोड दोन किंवा तीनच असतात. त्याचं काही नाही, दीडदोनशे रुपयांच्या वाय केबलने एका जोडावर दोन पंखे चालतात.

कूलर. तुमच्या ८७०० चा कूलर चांगला असेल आणि तोच लावायचा विचार असेल तर थांबा. जुन्या सॉकेटची भोकं ७५ मिलिमीटरवर होती, एलजीए १७०० ची ७८ वर आहेत. तीन मिलिमीटरचा फरक, पण बसत नाही म्हणजे नाही. काही कंपन्या नवी पट्टी वेगळी विकतात, मिळाली तर घ्या. त्या १८ लिटरच्या कॅबिनेटमध्ये उंच टॉवर कूलरही बसतो, तरी प्रवासाच्या मशीनला मी तो लावत नाही. पाऊण किलोचं वजन बोर्डवर आडवं लोंबकळतं आणि कऱ्हाड ते पाटण रस्ता तुम्ही जाणताच. त्यापेक्षा बुटका कूलर घ्या, ज्याचा पंखा वारा खाली बोर्डवर मारतो. नॉक्टुआचा एनएच-एल१२एस ७० मिलिमीटर उंच आहे, तशा धाटणीचा दुसऱ्या कंपनीचा स्वस्तही मिळेल. खाली मारलेला वारा व्हीआरएमलाही लागतो, हा वरचा फायदा. फक्त तुमच्या रॅमवर उंच, दिव्यांचे तुरे असतील तर कूलर त्यांच्यावर टेकतो. रॅमची उंची मोजा. एका गिऱ्हाइकाच्या कॅबिनेटचं झाकण माझ्या निवडीमुळे अडीच मिलिमीटरने लागलं नव्हतं, तो कूलर अजून माझ्या कपाटात आहे.

एसएमपीएसही, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, बदलावा लागेल. तुमचा आत्ताचा एटीएक्स मापाचा असणार, या कॅबिनेटला एसएफएक्स लागतो: १२५ बाय ६३.५ बाय १०० मिलिमीटर. ३०६० ला १७० वॉट, प्रोसेसरला मर्यादा घातल्यावर १२०, बाकी किरकोळ. ५५० वॉटचा चांगल्या कंपनीचा भरपूर झाला. इथे पैसे वाचवू नका, कार्यालयातला जनरेटर चालू-बंद होताना पहिला झटका यालाच बसतो. यूपीएस तुमच्याकडे असेलच. नसेल तर बोर्डच्या आधी तो घ्या.

मित्राच्या ऑनलाइन बोर्डचं थोडक्यात सांगते. असे बोर्ड खरे असतात, लॅपटॉपचा प्रोसेसर त्यावर सोल्डर केलेला असतो आणि किमतीच्या मानाने चालतातही बरे. घरी प्रयोग करणाऱ्याने जरूर घ्यावेत. पण त्यांच्यामागे इथे वॉरंटी देणारं कोणी नसतं, बायोसचे अपडेट कुठून आणायचे ते कळत नाही, आणि प्रोसेसर बिघडला तर बोर्डसकट गेला. ज्या दिवशी लोकांचं लग्न असतं त्या दिवशी चालणाऱ्या मशीनमध्ये मी तो बसवणार नाही.

खरेदीच्या वेळी दोन गोष्टी. बिलावर बोर्डचा सिरियल नंबर लिहून घ्या. आणि पैसे देण्याआधी सॉकेटवरचं काळं झाकण उघडून मोबाइलच्या उजेडात पिना बघा. तिरक्या कोनातून पाहिलं की सगळ्या पिना शेतातल्या ओळींसारख्या एका दिशेला झुकलेल्या दिसतात, एखादी वाकलेली असेल तर तिथे चमक तुटते. वाकलेली पिन म्हटलं की वॉरंटीवाले हात वर करतात, मग ती तुमच्याकडून वाकली की आधीपासून वाकली होती हे सिद्ध कसं करणार? ते झाकण फेकू नका, बोर्ड परत पाठवायची वेळ आली तर लागतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजारात मी हे काउंटरवर करते तेव्हा नवीन पोरं तोंड वाकडं करतात. मालक करत नाहीत.

घरी आल्यावर लगेच नव्या कॅबिनेटमध्ये बसवू नका. मघाशी भोकं जुळतात म्हटलं ते यासाठी: छोटा बोर्ड आधी तुमच्या जुन्या मोठ्या कॅबिनेटमध्येच लावा, जुन्या एसएमपीएसवर. हात फिरवायला जागा असते. बायोस अपडेट करा, १४५०० घेतला असेल तर विशेष करून, कारण जुन्या साठ्यातला बोर्ड १४ वी पिढी ओळखतच नाही असं होऊ शकतं. बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड मिळाला तर प्रोसेसर न बसवताही पेनड्राइव्हने हे काम होतं. आठवडाभर जुन्या लग्नांचं फुटेज टाकून एडिट करून पाहा. सगळं सुरळीत चाललं की मग छोट्या घरात हलवा.

गाडीत ठेवताना कॅबिनेट उभं ठेवू नका, आडवं ठेवा, म्हणजे बोर्ड जमिनीला समांतर राहतो आणि ग्राफिक कार्ड त्यावर ताठ उभं राहतं. उभ्या कॅबिनेटमध्ये कार्ड एका बाजूने लोंबतं आणि प्रत्येक खड्ड्याला स्लॉटवर हिसका बसतो. गोधडी चालेल, आईची असेल तर उत्तमच.

पितृपक्षाचं म्हणाल तर हे पंधरा दिवस तुम्हाला मोजमापाला मिळालेत. बाजारात घाईघाईने जाऊन बोर्ड आणणारेच माझ्याकडे पुन्हा येतात. घटस्थापनेनंतर घ्या, दसऱ्याला पूजा करा. तुळशीच्या लग्नापर्यंत तुमचे मुहूर्त सुरू होत नाहीत, म्हणजे तपासायला चांगला महिना हातात आहे. जुना ८७०० आणि त्याचा बोर्ड विकू नका एवढ्यात, ही लग्नसराई उलटू द्या. आठ जीबीची एखादी जुनी रॅम मिळवून तो घरी चालू ठेवा, निदान कार्ड कॉपी करायच्या कामाला येईल.

तोवर शाळेची पट्टी घ्या आणि तीन मापं लिहून पाठवा: ग्राफिक कार्डची लांबी, त्याची जाडी आणि रॅमची उंची. इको गाडीत मधल्या सीटखाली किती जागा उरते तेही मोजलंत तर कॅबिनेट कोणतं ते मी पक्कं सांगते.